मोटारीचे धक्के कोण जिरवितो?

एका स्प्रिंगेला लहानसा दगड टांगा, तो थोडा खालीं ओढा आणि सोडून द्या. दगड कितीतरी वेळ वरखालीं नाचत राहील. आतां तोच दगड पाण्यानें भरलेल्या बादलींत बुडेल असा धरून पुन्हां तसेंच करा. ह्या वेळीं तो पुष्कळ लवकर स्थिर होईल. मोटारीच्या शॉक ॲब्झॉर्बरचें रहस्य ह्या लहानशा प्रयोगांत आलें.

चाक खड्ड्यांत आपटलें म्हणजे स्प्रिंग दबते व धक्का सोसते. परंतु दबतांना सांठविलेली शक्ति ती परत देते, आणि गाडी डोलूं लागते. हें डोलणें थांबविणें हें शॉक ॲब्झॉर्बरचें काम. त्याच्या नळींत तेल असतें व तेलांत एक दट्ट्या सरकतो. तेलास बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते. त्या घर्षणानें गतीची शक्ति उष्णतेंत बदलते व हवेंत निघून जाते. स्प्रिंग धक्का सोसते, तो जिरवितो मात्र हा.

हा भाग बहुधा एकाएकीं मोडत नाहीं. हळूहळू झिजतो, आणि हेंच खरें संकट होय. रोज गाडी चालविणाऱ्यास डोलण्याची संवय होते. ‘गाडी जुनी, ती डोलायचीच!’ असें म्हणून तो स्वस्थ बसतो. परंतु उसळणारें चाक क्षणभर रस्ता सोडतें, आणि रस्त्यास न टेकलेल्या चाकाचा ब्रेक काय कामाचा? पावसाळ्यांत घाट उतरतांना ह्या प्रश्नाचें उत्तर फार महाग पडूं शकतें.

परीक्षा सोपी आहे. उभ्या गाडीचा एकेक कोपरा जोरानें दाबून सोडावा. तो वर येऊन लगेच स्थिर झाला तर ठीक. दोनतीनदां डोलला तर संशय धरावा. नळीवरून तेलाचा ओघळ आलेला दिसणें, टायरावर जागोजागीं खळगे पडणें, हींहि चिन्हें ओळखावीं.

मुंबईस कुर्ला येथें पूर्वीं तयार होत असलेली प्रीमियर पद्मिनी कित्येक कुटुंबांनीं अजून जपून ठेविली आहे. तिच्या मागील बाजूस पोलादी पाट्यांच्या कमानी आहेत. अशा गाडीचे मागील शॉक ॲब्झॉर्बर बदलतांना पुढील क्रम पाळावा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीं पातळ तेल सोडावें. गाडी सपाट जमिनीवर उभी करून पुढील चाकांस पाचरी लावाव्या. जॅकनें उचललेली गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या किंवा विटांच्या भरंवशावर कोणींहि गाडीखालीं जाऊं नये. नंतर जॅकनें आंसास खालून आधार द्यावा. नाहीं तर जुना भाग सोडतांच आंस खालीं लोंबून ब्रेकच्या नळीवर ताण येतो. नवा शॉक ॲब्झॉर्बर तेलाचा असल्यास तो उभा धरून चारसहा वेळां दाबावा व ओढावा, म्हणजे आंतील हवा निघून जाते. रबरी बुशांतून जाणारे बोल्ट आधीं हलकेच बसवावे व गाडी चाकांवर उतरविल्यावर पक्के आवळावे. म्हणजे रबरास पीळ पडत नाहीं. एका बाजूचा बदलला तर दुसऱ्या बाजूचाहि बदलावा, कारण नवा व झिजलेला ह्यांची जोडी गाडी सरळ राहूं देत नाहीं.

मारुति ८०० सारख्या गाडीच्या पुढील बाजूस मात्र स्प्रिंग व शॉक ॲब्झॉर्बर एकत्र जोडलेले असतात. ती दाबलेली स्प्रिंग अवचित सुटली तर माणसाचा प्राण घेऊं शकते. म्हणून तें काम योग्य हत्यारें असलेल्या अनुभवी मिस्त्रीकडेच सोंपवावें.

पालकांनीं मुलांना हें काम जवळ उभें राहून पाहूं द्यावें, पाना हातीं देऊं द्यावा. गाडीखालीं मात्र शिरूं देऊं नये. आणि मित्रहो, पुढच्या वेळीं गाडी डोलूं लागली तर तुम्हीच वडिलांना विचारा, ‘बाबा, कोपरा दाबून पाहूं या का?’ संवयीनें ज्यांना दिसेनासें झालें आहे, तें नव्या डोळ्यांना आधीं दिसतें.