बिल कुठाय?

कात्रज, मंगळवार रात्र

चि. रेवा,



काल ताईचा फोन आला. नानांचा गुडघा, गच्चीची गळती असं सगळं झालं आणि ठेवता ठेवता म्हणाली, "रेवाने तुमच्या कात्रजच्या कुणा मुलाकडून लॅपटॉप ठरवलाय, नऊ हजारांत. दोन हजार पाठवलेसुद्धा. रविवारी संध्याकाळी सातला तलावापाशी भेटणार आहेत." रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मामा कात्रजला राहतो, भाची कात्रजच्या तलावाजवळ अंधारात अनोळखी माणसाला पैसे द्यायला येते, आणि मामाला हे फोन ठेवता ठेवता कळतं!

बिल मागितलंस का त्याच्याकडे? ताई म्हणते, तो म्हणतो हरवलं. हरवणारच.

आमच्या मागच्या इमारतीत कॉट बेसिसवर मुलं राहतात. त्यातल्या एकाचा लॅपटॉप दिवाळीच्या सुट्टीत कडी तोडून नेला. पोरगा लातूरकडचा, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यातच. सोसायटीच्या कॅमेऱ्यात काही दिसतंय का विचारायला आला होता. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही. तुझ्या सौद्याचं ऐकलं आणि मला तोच दिसला. तू घेणार आहेस तो त्याचाच नसेल कशावरून?

मामाला सगळीकडे चोरच दिसतात, असं म्हणशील. पण बावीस वर्षं मी कंपनीच्या स्टोअरमध्ये काढली. तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप मीच मोजून व्यापाऱ्याला दिलेत, पन्नास-पन्नासच्या लॉटने, प्रत्येकाचा सिरीयल नंबर यादीत, सोबत बिल. तेच मग साफसूफ होऊन दुकानात येतात. चांगला जुना लॅपटॉप येतो तो या वाटेने, आणि हिंजवडी-खराडीच्या या शहरात त्याची काय टंचाई आहे? मग तलावापाशी कशाला जायचं?

त्या विकणाऱ्या मुलाने 'आय सेव्हन' असं ठळक लिहिलंय. ताईने फोटो पाठवला, मी चष्मा लावून पुढचा आकडा वाचला: ४६००यू. म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची, पोटात दोनच कोअर. त्यापेक्षा २०१७ चा आय फाइव्ह ८२५०यू घे, त्यात चार आहेत. मोठा भाऊ लुकडा, धाकटा तालमीतला. शिवाय विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत, एखाददुसरा अपवाद सोडला तर, इंटेलची आठवी पिढी आणि पुढचेच बसतात. तुझा तो आय सेव्हन दारातच अडतो.

तुला खेळायचाय त्या सिम्स ४ ला किमान चार जीबी रॅम सांगतात. किमान म्हणजे दांडीला लोंबकळत साताऱ्याला जाणं. आठ घे. त्यातही एका पट्टीपेक्षा चार-चारच्या दोन बऱ्या, कारण या लॅपटॉपांत बहुधा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, चित्र काढायला रॅममधूनच उसनवारी चालते. आणि एसएसडी हवीच. जुनी फिरती हार्ड डिस्क असली तर तुझी खेळातली सिम घराचं दार उघडेपर्यंत मामीच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होतील. थिंकपॅड टी४८० किंवा त्याच वयाचा लॅटिट्यूड मिळाला तर बघू.

सर्वात आधी मात्र खालच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर आणि बायोसमधला नंबर जुळतोय का ते बघायचं. कंपनीचं लेबल खरवडल्याची खूण दिसली म्हणून दचकू नकोस, आमच्याकडूनही लेबलं काढूनच माल जायचा. पण आमच्या मालासोबत कागद जायचा. चोरीचा माल आहे असं वाटायला जागा असताना घेणं पूर्वी ४११ कलमात यायचं, आता न्याय संहितेच्या ३१७ मध्ये. भारती विद्यापीठ पोलीस स्टेशन आमच्या घरापासून फार लांब नाही. मला तिथे भाचीसाठी बसायचं नाही.

आणि तो मुलगा "खेळाचे सगळे पॅक फुकट टाकून देतो" म्हणाला म्हणे. मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून बनवणारी कंपनीच फुकट देते, त्यात त्याचे उपकार नाहीत. पॅक विकतचे असतात. ते चोरून टाकले की सोबत व्हायरसही घरी येऊ शकतो. म्हणजे इथेही बिल नाहीच!

खेळाला माझा विरोध आहे असं ताईने सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मी वाचलंय त्याबद्दल. विल राइट नावाच्या माणसाचं घर १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात जळालं. संसार पुन्हा एकेका वस्तूने उभा करताना त्याला हा खेळ सुचला आणि २००० साली तो बाजारात आला. आधी तो त्याला बाहुलीचं घरच म्हणायचा. म्हणजे आपली भातुकलीच की गं.

भातुकलीवरून सांगतो. ताईची पितळी भातुकली होती, आजीने तांबट आळीतून आणलेली. ताई ती नववीत गेली तरी मांडायची, परकराच्या ओच्यात चिंचोके घेऊन. १९८३ साली वर्ल्ड कप चालू होता, मी सोळा वर्षांचा. सगळी भातुकली मोडीत घातली आणि पुण्याला येऊन जुन्या बाजारात एका फळकुटावरचा ट्रान्झिस्टर घेतला. बिल कसलं आणि काय! चार दिवस वाजला. फायनलच्या आधीच मुका झाला. मागचं झाकण उघडलं तर आत खिळ्याने कोरलेलं कुणाचं तरी नाव, पुढे 'रास्ता पेठ'. मी शोधायला गेलो नाही. ब्लेडने ते नाव खरवडून टाकलं. ताईने एकदाच विचारलं, "माझी चूल कुठाय रे?" मी म्हटलं, मला काय माहीत. पुन्हा तिने कधी काढलं नाही.

फार बोललो का? रागावू नकोस. स्वतःच्या शिकवणीचे पैसे साठवून घेतेयस, ते मला ठाऊक आहे. ते दोन हजार गेले तर गेले, त्यासाठी त्याच्याशी हुज्जत घालू नकोस. मामी म्हणते, तुझ्याकडे उरलेत त्यात कमी पडतील ते आपण घालू, पोरीला घर मांडायचंय तर मांडू दे. मी उद्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन ओळखीच्या दुकानात विचारून येतो. तुझ्यासमोर तासभर चालवून बघू, बॅटरी किती खंगलीय त्याचा रिपोर्ट काढू, मगच पैसे.

रविवारी सकाळच्या एसटीने ये. स्वारगेटपर्यंत जाऊ नकोस, कात्रजलाच उतर. बोगदा ओलांडला की फोन कर, मी चौकात उभा असेन. मामी शेंगोळी करणार आहे.

तुझा,
मामा

ता. क. ट्रान्झिस्टरचं ताईला सांगू नकोस. मीच सांगेन.