टोचणीच्या कार्डावरील दोन तारखा

सन २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत मुंबई उपनगर जिल्ह्यातील गोवंडी भागात गोवराची साथ उद्भवली. त्याच सुमारास मालेगाव व भिवंडी येथेही ती दिसून आली. काही बालके दगावली. राष्ट्रीय लसीकरणात १९८५ पासून गोवराची लस असता असे का घडावे, हे शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

जन्मतः बालकाच्या अंगी मातेकडून आलेली प्रतिकारशक्ती असते; पण ती उसनी असल्यामुळे काही महिन्यांत ओसरते. तिचा अंश शिल्लक असता लस टोचली, तर लसीचा प्रभाव उणावतो. म्हणून पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांच्या वयात देतात. तरीही या वयात लस घेतलेल्या १०० बालकांपैकी सुमारे १५ बालकांत प्रतिकारशक्ती उत्पन्न होत नाही. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाला एकच मात्रा मिळाली असेल, तर सुमारे सहा मुले असुरक्षित राहतात. सोळा ते चोवीस महिन्यांतील दुसरी मात्रा मुख्यतः अशा बालकांसाठी आहे. दोन्ही मात्रा घेतलेल्या बहुतेकांचे संरक्षण आयुष्यभर टिकते.

कोविडच्या काळात अनेक बालकांची टोचणी लांबली व असुरक्षित बालकांची संख्या साचत गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना एक जादा मात्रा देण्याचा सल्ला दिला, तो याच कारणास्तव.

यास्तव "लस टोचली आहे काय?" एवढाच प्रश्न पालकांस विचारणे पुरेसे नाही. प्रवेशाच्या वेळी शिक्षकाने कार्ड मागवून त्यावरील दोन्ही तारखा पाहाव्यात. घरातील धाकट्या भावंडांचीही चौकशी करावी. एखादी मात्रा राहिली असल्यास आशाताई वा आरोग्यसेविकेस कळवावे.

पुरळ उठण्यापूर्वी चार दिवस व नंतर चार दिवस हा रोग पसरतो. ताप व पुरळ असलेल्या मुलास घरी ठेवण्यास सांगून आरोग्य केंद्रास त्वरित वर्दी द्यावी. गोवर हा देवीचा कोप मानून कोणी औषधोपचार टाळीत असल्यास त्याच्या श्रद्धेचा उपहास न करता, मुलास डॉक्टरांकडे नेणे व 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा देणे किती आवश्यक आहे, हे समजावून द्यावे. गावात शिक्षकाच्या शब्दास मान असतो. तो अशा प्रसंगी बालकाच्या कामी यावा.