'आमचे हे घेत नाहीत, सिस्टर!'



या वेळी एका सिनेमाबद्दल लिहिते आहे, पण विषय आरोग्याचाच आहे. 'अ स्टार इज बॉर्न' ही एकच कथा हॉलिवूडने चार वेळा पडद्यावर आणली: १९३७, १९५४, १९७६ आणि २०१८ साली. १९७६ च्या चित्रपटात आपली बार्ब्रा स्ट्रायसँड होती. २०१३ साली आलेल्या 'आशिकी २' या हिंदी चित्रपटाची कथाही तशीच आहे. त्यातला नायक जयकर आणि नायिका शिर्के, म्हणजे दोघेही मराठी.

एक नामवंत कलावंत व्यसनात बुडालेला आहे. त्याला एका अनोळखी मुलीतले गुण दिसतात. तो तिला पुढे आणतो, दोघांचे प्रेम जमते. तिचे नाव वर चढते, त्याचे खाली येते आणि शेवटी तो आपला जीव देतो. थिएटरात सगळे डोळे पुसतात. डोळे माझेही ओले झाले, पण इतकी वर्षे वॉर्डात काढल्यावर सिनेमासुद्धा केस पेपरसारखा वाचला जातो.

२०१८ च्या चित्रपटातला गायक जॅक्सन पाहा. वडील पिणारे. स्वतः दारू आणि गोळ्या दोन्ही घेतो. कानात सतत आवाज येतो, ऐकू कमी येते, तरी कान जपायला तयार नाही. (लग्नात आणि मेंदीला स्पीकरशेजारी बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आतल्या कानाच्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.) ग्रॅमी पारितोषिक घ्यायला बायको व्यासपीठावर जाते, तेव्हा हा झिंगून तिच्यामागे चढतो आणि सर्वांदेखत त्याची पँट ओली होते. ती बिचारी त्याला आडोसा करायला धडपडते.

तो आडोसा मी खूप घरांत पाहिला आहे. खुब्याचे हाड मोडून एखादे आजोबा वॉर्डात येत. भरती करताना आम्ही विचारायचो, "दारू घेतात का?" बाई मुलासुनेकडे पाहून म्हणायच्या, "नाही हो सिस्टर, आमचे हे घेत नाहीत." ऑपरेशन नीट व्हायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजोबांचे हात थरथरू लागायचे, घाम सुटायचा, भिंतीवर किडे दिसायचे, सलाईनची नळी ओढून काढायचे. घरचे म्हणायचे, भूल चढली, नाहीतर वयामुळे भ्रम झाला. खरे कारण असे की रोजचा ग्लास अचानक बंद झाला होता. त्यात फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आधी कळले तर डॉक्टर वेळेवर औषध आणि बी-१ जीवनसत्त्व सुरू करतात आणि बहुतेक वेळा हे सारे टळते. म्हणून सांगते, नर्सला खरे सांगा. मुलांसमोर संकोच वाटत असेल तर बाजूला घेऊन सांगा. याच कारणासाठी रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली घरच्या घरी एका दिवसात फेकून देऊ नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडे कोण एवढा मोठा गायक आहे, असे तुम्ही म्हणाल. पण मान फक्त गायकालाच मिळतो असे नाही. कारखान्यात चाळीस माणसे ज्याला विचारल्याशिवाय यंत्राला हात लावत नसत, त्याचा पेन्शननंतर महिनाभर फोन वाजत नाही. बायको गेलेली, मुले दूरच्या गावी. संध्याकाळ मोठी होते. आयुष्यभर सणावारीच घेणारी माणसे सत्तरीत रोज घेऊ लागतात, हे मी पाहिले आहे. आणि सत्तरीचे शरीर चाळिशीचे नसते. अंगातले पाणी कमी झालेले असते, यकृताचे काम मंदावलेले असते, त्यामुळे तेवढाच पेग जास्त चढतो. त्यात रक्त पातळ करणारी, मधुमेहाची किंवा झोपेची गोळी असेल तर रक्तस्राव, साखर एकदम उतरणे, रात्री तोल जाऊन पडणे यांचा धोका वाढतो.

बायकांनीही निश्चिंत राहू नये. १९५४ च्या चित्रपटाची नायिका जूडी गार्लंड १९६९ साली लंडनमध्ये वारली, वय अवघे ४७. कारण झोपेच्या गोळ्यांचे प्रमाण चुकून जास्त झाले. त्या जुन्या जातीच्या गोळ्या आता सहसा देत नाहीत, पण आजच्या गोळ्यांचीही सवय लागते. 'दोन आठवड्यांसाठी' दिलेली गोळी दहा वर्षे चालू असेल, तर कुपत खोलिममध्ये आपल्या डॉक्टरांना तसे सांगा. हीदेखील एकदम सोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते.

सिनेमात नायिका नवऱ्यासाठी युरोपचा दौरा रद्द करते. तिच्या प्रेमात खोट नाही. पण मधुमेह नुसत्या प्रेमाने बरा होत नाही, तसे व्यसनही नाही. ओढ कमी करणारी औषधे आहेत, समुपदेशन आहे, व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. घरच्यांनी त्याच्या वतीने खोटे बोलणे थांबवले तर उपचार लवकर सुरू होतात.

चित्रपटाच्या शेवटाशी मात्र माझे भांडण आहे. जॅक्सन उपचार घेऊन घरी येतो, आणि पत्नीचा मॅनेजर त्याला सुनावतो की तू तिच्या वाटेतला अडथळा आहेस. त्यानंतर तो जीव देतो आणि आपल्याला तो त्यागासारखा वाटतो. मी त्याला त्याग म्हणणार नाही. 'माझे ओझे झाले आहे' हा विचार नैराश्याचे लक्षण आहे, आणि नैराश्यावर उपचार आहेत. दारू सोडल्यानंतरचे पहिले महिने नाजूक असतात. घरात कोणी असे बोलले तर "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. एरानच्या १२०१ या नंबरावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. तातडीचा धोका असेल तर १०१ फिरवा.

शेवटी शुक्रवारच्या किद्दुशबद्दल. घरात कोणी दारू सोडली असेल तर टेबलावर वाइन ठेवू नका. आपल्या आज्या कोकणात काळ्या मनुकांचे शरबत करत, त्यावर किद्दुश चालतेच. मनुका धुऊन कोमट पाण्यात भिजवा, चांगल्या फुगल्या की हाताने कुस्करा, स्वच्छ फडक्यातून गाळा. साखर घालू नका. मधुमेह असलेल्यांनी अगदी थोडेच घ्यावे. आणि ताजेच करा, दोन-तीन दिवस बाहेर राहिले तर ते आंबते, मग त्यात आणि वाइनमध्ये फारसा फरक उरत नाही.