सिस्टर नोकरी का सोडतात?

भाची : मावशी, आमच्या बदलापूरच्या हॉस्पिटलमधून आणखी दोघी सिस्टर चालल्यात. डॉक्टर म्हणतात, ठाण्यात जास्त पगार मिळतो, आपण काय करणार?

मावशी : मिळतो, हे खरं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही कर्जत लाइनवर. नोकरी बदलायला घर सोडावं लागत नाही. पण पगार गेल्या वर्षीही तेवढाच होता ना? मग आत्ताच का निघाल्या?

भाची : परवा आलेल्या मुलीला त्यांच्यापेक्षा जास्त दिला, ते कळलं.

मावशी : बघ! जे. स्टेसी अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञानं 1963 मध्ये हेच मांडलं. माणूस नुसता पगार मोजत नाही. आपण किती राबतो आणि हातात काय पडतं, हे तो शेजारच्याशी ताडून बघतो. मेळ बसला नाही की आधी कामातलं मन उडतं.

भाची : पण वीस खाटांच्या हॉस्पिटलला सरकारी पगार कसा परवडेल?

मावशी : तेवढा कुणी मागितलेलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्रानं समिती नेमली. तिची शिफारस अशी : 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, 100 च्या वर असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 असतील तर 25 टक्के कमी. आणि 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान 20,000 रुपये. तुम्ही किती देता?

भाची : बारा हजार.

मावशी : मग परवडण्याची गोष्ट नंतर बोलू. नाइट कुणाला जास्त लागतात?

भाची : ज्या तोंड उघडत नाहीत त्यांना.

मावशी : आणि एक गेली की तिच्याही नाइट त्यांच्याच गळ्यात. मग पुढची जाते. सरकारी नोकरीतही हे दुखणं आहेच. एकाच वॉर्डात कायम सिस्टर आणि ठेक्यावरची, काम तेच, पगार वेगळा. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असं न्यायालयानं 2016 मध्येच पंजाबच्या खटल्यात सांगितलं. तरी 2022 च्या मे अखेरीस महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिकांना बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संप करावा लागला.

भाची : पगार माझ्या हातात नाही गं. मी काय करू?

मावशी : रोस्टर तर तूच लावतेस. महिना सुरू होण्याआधी फळ्यावर लाव, नाइट सगळ्यांना सारख्या वाट. कुणाची रजा नाकारलीस तर कारण तोंडावर सांग. आणि त्यांची ओरिजिनल सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात ठेवली असतील, तर ती उद्याच परत कर.