परदेशी निघालेल्या भाचीला मामाचा कानमंत्र

पोरी, परवा तू विचारलंस, "मामा, गाडी आत्ताच विकली तर जाईपर्यंत स्वस्तात दुसरी कुठून मिळेल?" फोनवर निम्मं बोलणं राहून गेलं, म्हणून लिहून पाठवतोय. माझी सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. सुरगाणा, बोरगाव, वणी, दिंडोरी, नाशिक हा रस्ता मला झोपेतही दिसतो. तेव्हा जरा सावकाश वाच.

आधी एक वही घे आणि जर्मनीला जाईपर्यंत कुठं कुठं जायचंय ते लिहून काढ. जर्मन भाषेची परीक्षा मुंबईला काळा घोड्याजवळच्या मॅक्समुल्लर भवनात किंवा पुण्याला. नर्सिंग कौन्सिलचे कागद मुंबईत. व्हिसाची भेट मुंबईत. नाशिकला बँक, आरटीओ, हॉस्पिटलचं अनुभवपत्र. सप्तशृंगी गडावर देवीचं दर्शन. शेवटी विमानतळ. एवढं लिहिलंस की कळेल, दारात गाडी लागेल असे दिवस फार थोडे आहेत. उरलेले दिवस ती नुसती अंगणात उभी राहणार. म्हणून दोन महिन्यांची गाडी शोधूच नकोस. एकेक फेरी घे आणि त्या फेरीला काय परवडतं ते बघ. जुनी गाडी घेऊन जाताना विकण्याचा विचारही सोड. घेताना आणि विकताना दोन्ही वेळा दलाल मधे येतो आणि कागद नावावर होईपर्यंत तुझं विमान निघून जाईल.

एकटी आणि हातात फक्त फाईल असेल, तर एसटीने जा. १७ मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालंय, साध्या गाडीपासून वरच्या गाड्यांपर्यंत. इतक्या स्वस्तात दुसरं कुठलंच वाहन तुला नेणार नाही. धाकटा भाऊ सोबत येणार असेल आणि चार दिवसांत बरीच फिराफिर असेल, तर त्याच्यासाठी 'आवडेल तेथे प्रवास' पास विचारून बघ. तो ४ दिवसांचा आणि ७ दिवसांचा मिळतो. तुझं तिकीट मुळातच निम्मं, तेव्हा तुला पास परवडतो की नाही याचा आधी हिशेब कर. मुक्कामी गाडी पहाटे सुटते ती धर. तिला गर्दी कमी असते आणि नाशिकची कामं ऑफिसं उघडायच्या वेळेला सुरू होतात.

मुंबईच्या कामाला सुरगाण्याहून एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा हट्ट धरू नकोस. आदल्या रात्री आत्याकडे नाशिकला मुक्काम कर आणि सकाळी नाशिकरोडवरून पंचवटी एक्स्प्रेस धर. १९७५ पासून ही गाडी नाशिककरांना मुंबईच्या ऑफिसात पोचवतेय. पण ती मुंबईत दहा-साडेदहाच्या पुढे पोचते, म्हणून व्हिसाची भेट दुपारची घे. सकाळी नऊची घेतलीस की कार भाड्याने करणं आलंच. एवढ्या एका वेळेच्या निवडीने हजारो रुपये वाचतात आणि ते लोकांच्या ध्यानात येत नाही.

दिवसही बघून ठरव. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगीची यात्रा भरते. तेव्हा खाजगी गाड्या नांदुरीला अडवतात आणि वर फक्त एसटी जाते. त्या दिवसांत एसटीच्या गाड्या गडाकडे ओढल्या जातात आणि आपल्या बाजूच्या फेऱ्या पातळ होतात. पावसाळ्यात घाटात दरड नाहीतर झाड आडवं पडतं, म्हणून महत्त्वाच्या भेटीच्या आधी एक दिवस हातात ठेव. तुझ्या मैत्रिणी मागून येणार असतील तर त्यांनाही सांग, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिकला सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या सुमारास नाशिकमधून जाणारी कुठलीही फेरी चार दिवस आधीच उरकून घ्यावी.

एसटी हुकली तर काळी-पिवळी जीप आहेच. बोरगावपर्यंत एक, तिथून वणीला दुसरी. मात्र सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी गावाकडून येणाऱ्या जीपा भरून येतात आणि दुपारनंतर परतीला जागा मिळत नाही, तेव्हा त्या दिवशी उलट्या दिशेने प्रवास करणाऱ्याची चंगळ असते. दोन ओळखीच्या जीपवाल्यांचे नंबर फोनमध्ये ठेव. २०२१-२२ च्या संपात एसटी महिनोन्‌महिने उभी होती, तेव्हा आपला सगळा तालुका त्यांच्याच भरवशावर नाशिकला जात होता. आणि उंबरठाणकडच्या माणसांची वाट विसरू नकोस. ती धरमपूरवरून वलसाड गाठतात आणि तिथून रेल्वेने बोरिवलीला उतरतात. कसारा घाट तुंबलाय असं कळलं तर हीच वाट कामाला येते.

आता कार खरोखरच लागेल असे दिवस. आई-बाबांना घेऊन दोन-तीन ठिकाणी जायचंय, नाशिकची चार कामं सलग करायचीत, असं असेल तर ते सगळं एकाच दोन-तीन दिवसांत बसव आणि तेवढ्यापुरतीच नाशिकहून स्वतः चालवायची गाडी भाड्याने घे. कायदेशीर भाड्याच्या अशा गाडीची पाटी काळी असते आणि अक्षरं पिवळी. घेताना डिपॉझिट किती आणि किती दिवसांत परत, दिवसाला किलोमीटरची मर्यादा किती, सापुताऱ्याकडे म्हणजे गुजरातच्या हद्दीत न्यायला परवानगी आहे का, हे लिहून घे. ताबा घ्यायच्या आधी गाडीभोवती फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढ, टायर आणि खालची बाजूसुद्धा. आपल्या रस्त्यावर दगड उडतो आणि ओरखड्यावरून भांडण होतं.

गावात कुणीतरी म्हणेल, "माझी गाडी घेऊन जा, रोजाचे अमुक दे." ते करू नकोस. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने फिरवायला परवाना नसतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. नात्यातल्या कुणी प्रेमाने गाडी दिली तर ती खुशाल घे. मालकाच्या संमतीने, लायसन असलेल्या माणसाने चालवलेली गाडी विम्यात बसते. डिझेल तू भर, धुऊन परत कर, घरच्यांसाठी काहीतरी घेऊन जा, पण भाडं म्हणून पैसे देऊ नकोस. विमा आणि पीयूसी चालू आहेत का, ते मात्र चावी घेताना न लाजता विचार.

तुझी स्वतःची गाडी हाच माझ्या काळजीचा विषय आहे. शेवटच्या आठवड्यापर्यंत वापरून विकते, असंही तू म्हणत होतीस. वापरायला ते स्वस्त वाटतं, पण शेवटच्या आठवड्यात विकणाऱ्याची घाई गिऱ्हाइकाला लगेच दिसते आणि तो भाव पाडतो. त्याहून मोठी भीती कागदांची. गाडी गेली, पैसे आले, पण आरसीवर नाव तुझंच राहिलं, तर पुढे कुणाला धडक बसली की नुकसानभरपाईचा दावा तुझ्यावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार खटल्यात हेच सांगितलं: नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याच्या लेखी मालक, मग गाडी चार हात फिरलेली का असेना. जर्मनीत रात्रपाळी करताना तुला इथल्या कोर्टाची नोटीस यावी, हे मला नको आहे.

म्हणून निदान दोन महिने आधी विक. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या कर, पण कोरे सही करून कुणाच्या हाती देऊ नकोस. राज्यातल्या राज्यात विकलीस तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते तू स्वतः कर. दलाल "मी बघतो" म्हणेल, त्यावर विसंबू नकोस. कर्ज होतं ना गाडीवर? बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आधी, गिऱ्हाईक नंतर. गाडी २०१९ च्या एप्रिलआधीची असेल तर उच्च सुरक्षा पाटी बसवून घे, तिच्याशिवाय नाव बदलण्याचं काम अडतं. थकलेले ई-चलानही भरून टाक. आपल्याकडे वांसदा, धरमपूरची गिऱ्हाइकं येतात आणि भावही बरा देतात, पण गाडी गुजरातेत जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि त्यात दिवस जातात. ताबा देताना तारीख आणि वेळ घालून पावती कर, दोघांच्या सह्या, त्याच्या आधारची प्रत. मग परिवहनच्या वेबसाईटवर त्याचं नाव आलेलं डोळ्यांनी बघेपर्यंत काम झालं असं मानू नकोस. या कामात तुझ्या मोबाईलवर ओटीपी येतात, तेव्हा ते होईपर्यंत हे सिम बंद करू नकोस.

काचेवरचा फास्टॅग काढ आणि बँकेला सांगून बंद कर, नाहीतर घोटीच्या टोलवरून नवा मालक जाईल आणि पैसे तुझ्या खात्यातून जातील. इतकी वर्षं विम्याचा क्लेम घेतला नाहीस, त्याची सूट गाडीबरोबर जात नाही, ती तुझी असते. कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेव. ३ वर्षांच्या आत परत येऊन गाडी घेतलीस तर ती सूट नव्या विम्याला मिळते.

आरटीओत गेलीच आहेस तर आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढून ये. फी १००० रुपये, मुदत १ वर्ष, पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो. जर्मनीत आपलं लायसन राहायला गेल्यापासून ६ महिने चालतं, पण सोबत हा परवाना किंवा जर्मन भाषांतर लागतं. ६ महिन्यांनंतर तिथली परीक्षा द्यावीच लागते.

आता विमानतळाची फेरी. इथं कार कर, काटकसर नको. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि रात्री दीडची वेळ असेल, तर घरातून १४ ला निघायचं. शिकलेली माणसंसुद्धा इथं चुकतात. विमानतळाचं नावही वाच, कारण २०२५ मध्ये नवी मुंबईचाही विमानतळ झालाय.

सुरगाण्याहून मुंबई अडीचशे किलोमीटरच्या आसपास आणि गाडीवाला रिकाम्या परतीचेही धरतो, म्हणजे पाचशेचं बिल. नाशिकची गाडी सुरगाण्याला बोलावलीस तर ती गॅरेजपासून मोजते, म्हणजे आणखी भर. त्यापेक्षा सामान घेऊन दादाच्या गाडीने आदल्या दिवशी आत्याकडे जा आणि नाशिकहून एकेरी भाड्याची गाडी कर. एकेरी भाडं देणाऱ्याला मुंबईहून परतीचा प्रवासी मिळतो, म्हणून ते स्वस्त पडतं. ठरवताना टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा आकार भाड्यात धरलाय का, ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे. गाडी सीएनजीची आहे का, तेही विचार. सीएनजीच्या गाडीत डिकी सिलिंडरने भरलेली असते, तुझ्या दोन मोठ्या बॅगा त्यात मावणार नाहीत, आणि वाटेत पंपावर रांगेत तासभर जाईल तो वेगळा. वर कॅरिअर असलेली गाडी माग. ड्रायव्हर दुपारी झोपलेला असावा, हे त्याला स्पष्ट सांग. कसारा घाट रात्री उतरायचाय.

सोडायला सगळेच येतो म्हणतील. आईचं मन मोडू नकोस, तिला आणि बाबांना गाडीत घे. बाकीच्यांसाठी क्रुझर करायची तर खर्च त्यांनी वाटून घ्यावा, आणि विमानतळात तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत हे आधी सांग. माझं म्हणणं, सगळ्यांची भेट सुरगाण्यातच पोटभर घे. सुरगाण्यातून निघण्याच्या आदल्या दिवशी जेवण कर, नातेवाइकांना बोलाव.

व्हिसाच्या भेटीची तारीख आली की त्याच दिवशी मला फोन कर. वणीचा एक गाडीवाला माझ्या हाताखाली शिकलेला आहे, मी त्याच्याशी भाड्याचं बोलून ठेवतो. आणि गाडीचं गिऱ्हाईक आलं तर कागद मला दाखवल्याशिवाय चावी देऊ नकोस.