पेट्रोलचा घरगुती साठा : मुभा किती, टिकाव किती

प्रश्न : अड्याळला (ता. पवनी, जि. भंडारा) आमची धानाची शेती आहे. पाठीवरचा फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र आणि बोडीतले पाणी उपसण्याचे लहान इंजिन पेट्रोलवर चालते. घरात दोन मोटारसायकली आहेत. ऐन रोवणीत किंवा तुडतुडा पडल्यावर धावपळ नको आणि भाववाढीची झळही नको, म्हणून चाळीसेक लिटर पेट्रोल प्लास्टिकच्या दोन कॅनमध्ये, स्वयंपाकघराला लागून असलेल्या धानाच्या पोत्यांच्या खोलीत ठेवतो. शेजारी म्हणतात, हा गुन्हा आहे. धाकटा भाऊ म्हणतो, अडल्यानडल्याला लिटर-दोन लिटर विकले तरी बिघडत नाही. खरे काय? शिवाय गेल्या हंगामातले सात-आठ लिटर उरले आहे, ते वापरावे का?
— एक वाचक, अड्याळ

उत्तर : तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे निष्कर्षापुरते बरोबर आहे, परंतु कारण त्यांना वाटते ते नव्हे, तुमच्या बंधूंचे म्हणणे मात्र कोणत्याच अंगाने टिकत नाही. भंडारा जिल्हा मध्यप्रांतात मोडत असे त्या काळी, म्हणजे 1934 साली, संमत झालेला पेट्रोलियम अधिनियम वेळोवेळच्या दुरुस्त्यांसह आजही अमलात आहे. ज्या तेलाच्या वाफा 23 अंश सेल्सियसच्या आतच पेट घेऊ शकतात ते तेल या अधिनियमाने पहिल्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गात घातले आहे, आणि पेट्रोल तर शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही ठिणगीसरशी पेटू शकते. तरीही कायद्याने सामान्य गृहस्थाला अगदीच बांधून टाकलेले नाही. कलम 8 प्रमाणे, विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकंदर 30 लिटरपर्यंत कोणालाही विनापरवाना जवळ बाळगता येते. कलम 9 प्रमाणे, रीतसर नोंदणी झालेल्या मोटारवाहनाच्या किंवा एका जागी बसविलेल्या इंजिनाच्या मालकास, टाकीतील इंधन सोडून आणखी 100 लिटरपर्यंत साठा करण्याची मुभा आहे, मग त्याच्याकडे वाहने कितीही असोत. मात्र तो साठा त्या वाहनासाठी किंवा इंजिनासाठीच असला पाहिजे. पाठीवर वाहून न्यावयाचा फवारणी पंप हे ‘एका जागी बसविलेले इंजिन’ नव्हे, असे कोणी म्हटले तर त्याला सबळ उत्तर देणे कठीण जाईल. म्हणून फवारणीपुरते पेट्रोल 30 लिटरांच्या हिशेबातच धरावे, हे बरे.

तेव्हा चाळीस लिटर हा आकडा तुमच्या अंगाशी येणारा नाही. अंगाशी येतील ती भांडी आणि ती खोली. विनापरवाना ठेवलेले पेट्रोल काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या घट्ट बुचाच्या भांड्यातच असले पाहिजे, आणि त्यांतही काचेचे वा चिनीमातीचे भांडे एका लिटरहून व धातूचे 25 लिटरहून मोठे नसावे, असे कायदा सांगतो. प्लास्टिकचे नाव त्या यादीत नाही. धातूच्या डब्यात दहा लिटर किंवा त्याहून अधिक पेट्रोल मावत असेल, तर त्यावर ‘पेट्रोल’ असा ठळक इशारा रंगवलेला हवा. साठा 30 लिटरांच्या वर गेला की, ज्या खोलीत माणसे राहतात वा काम करतात तिच्याशी दाराखिडकीनेही संबंध नसलेल्या अलग जागेतच तो ठेवावा लागतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती वर न जाता जमिनीलगत सरपटत जाते, आणि स्वयंपाकघरातील शेगडी नेमकी तिच्या वाटेवर असते.

विक्रीचा प्रश्न दोन वाक्यांत संपतो. कलम 8 ची सवलत ‘विक्रीसाठी नसलेल्या’ पेट्रोललाच आहे. अडलेल्या शेजाऱ्याला पैसे घेऊन एक लिटर दिले की सवलतीचा आधार गेलाच, उरलेला सारा साठा बेकायदा ठरण्याची वाट मोकळी झाली. किराणा दुकानांत बाटल्या मांडून पेट्रोल विकलेले गावोगाव दिसते, पण कानाडोळा म्हणजे परवानगी नव्हे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. घरी बाळगण्याची मुभा आहे म्हणून पंपचालकाने तुमच्या कॅनमध्ये पेट्रोल भरूनच दिले पाहिजे, असा हक्क तुम्हांला प्राप्त होत नाही. तो आपल्या स्वतःच्या परवान्याच्या अटींनी बांधलेला असतो, आणि बंदोबस्ताच्या दिवसांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली सुटे पेट्रोल देण्यास मनाई करणारा हुकूमही निघू शकतो. परवान्यांची ही व्यवस्था पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय नागपुरासच आहे, म्हणजे शंका दूर करण्यास लांब जाण्याचे कारण नाही. आग लागून कोणास इजा होण्याची शक्यता निर्माण झाली, तर निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि घराचा विमा उतरविला असल्यास, नियमबाह्य साठ्यामुळे विमा कंपनीला दावा नाकारण्यास आयते निमित्त मिळते, जे मला दंडाहून अधिक महाग वाटते.

डिझेलची गोष्ट निराळी. ते दुसऱ्या वर्गात मोडत असल्यामुळे, कोणतेही भांडे हजार लिटरहून मोठे नसेल तर एका ठिकाणी 2500 लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते. ट्रॅक्टरवाल्याच्या पिंपाकडे बोट दाखवून पेट्रोलचे समर्थन करू नये.

आता टिकाऊपणा. पेट्रोल म्हणजे अनेक हलक्या-जड द्रवांचे मिश्रण असून त्यातील हलके भाग, ज्यांच्यामुळे यंत्र पहिल्या दोरीला सुरू होते, तेच आधी उडून जातात. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते, आणि ती कार्ब्युरेटरच्या केसासारख्या बारीक छिद्रात जाऊन बसते. त्यातच आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते पाण्यासह तळाशी वेगळे होते. भंडाऱ्याकडच्या पावसाळ्यात, अर्धवट भरलेल्या आणि सैल बुचाच्या कॅनमध्ये, याला सारी अनुकूलता असते. म्हणून धातूचा डबा, वर थोडी मोकळी जागा सोडून पण बराचसा भरलेला, बूच घट्ट, जागा सावलीची आणि हवेशीर, इतके सांभाळले तर दोन-तीन महिने निर्धास्त काढावेत, त्याहून अधिक आशा धरू नये. डब्यावर भरल्याची तारीख खडूने लिहावी आणि जुने आधी वापरावे. हंगाम संपला की यंत्राची टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावे. हे एवढेसे काम न केल्यामुळे पुढल्या वर्षी मिस्त्रीला द्यावे लागणारे पैसे अनेक लिटरांच्या किमतीचे असतात.

भाववाढीच्या झळेचा हिशेबही पाहा. जून 2017 पासून पेट्रोलचा भाव देशभर रोजच्या रोज ठरतो. लिटरमागे दोन रुपये वाढले असे धरले तरी तीस लिटरांवर वाचतात साठ रुपये. तेवढ्यासाठी धानाच्या पोत्यांशेजारी आग सांभाळणे हा व्यवहार नव्हे. साठा करावा तो कामाच्या खोळंब्यापुरता, आणि त्याला दहा-पंधरा लिटर पुष्कळ होतात.

गेल्या हंगामातले उरलेले पेट्रोल काचेच्या पांढऱ्या बाटलीत थोडे ओतून उजेडात पाहा. ते गढूळ वा गडद दिसले, वार्निशासारखा आंबूस वास आला किंवा तळाशी वेगळा थर दिसला, तर कोणत्याही यंत्रात घालू नका. नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, मोटार दुरुस्त करणाऱ्या जाणत्या मिस्त्रीच्या हवाली करा. स्वच्छ दिसले तर मोटारसायकलच्या टाकीत ताज्या पेट्रोलमध्ये थोडे थोडे मिसळून संपवा, फवारणी पंपात मात्र ताजेच घाला. आणि ते दोन्ही कॅन आजच त्या खोलीतून काढून कोठ्यापलीकडच्या अलग जागेत हलवा. धातूचे डबे आठवडाभरात आणले तरी चालतील.