झाकण आपोआप का मिटतं?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत एक जण बाइकची चेन साफ करत बसला होता. अर्धी कापलेली पाण्याची बाटली, त्यात वाटीभर पेट्रोल आणि जुना टूथब्रश. सात-आठ फुटांवर चहासाठी कॉइलची शेगडी लावलेली. पेट्रोल सांडलं नाही, कुणी काडीही ओढली नाही. तरीही शेगडीकडून जमिनीवरून जाळ धावत आला. पठ्ठ्याचा उजवा हात महिनाभर बँडेजमध्ये होता. त्याच्या जर्नल्स आम्ही लिहिल्या.

हे घडलं कसं? पेट्रोल पेटतं असं आपण म्हणतो, पण खरं तर पेटते ती त्याची वाफ. पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला तयार होऊ लागते, तो फ्लॅश पॉइंट. रॉकेलचा ३५ अंश सेल्सिअसच्या वर, इथेनॉलचा १३ च्या आसपास, अ‍ॅसिटोनचा उणे २०, तर पेट्रोलचा सुमारे उणे ४०! म्हणजे उघडं पेट्रोल आपल्याकडे कडाक्याच्या थंडीतही 'तयार'च असतं. त्यात ही वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते आणि हवेत जेमतेम दीड टक्का झाली तरी पेटू शकते.

सेफ्टी कॅनमध्ये काय असतं?

वर्कशॉपमधला तो लाल कॅन म्हणजे नुसता डबा नव्हे. त्याची क्षमता साधारण १९ लिटरपर्यंत असते आणि त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या:

१) स्प्रिंगचं झाकण : लिव्हर दाबाल तेवढाच वेळ उघडं. हात सुटला, कॅन कलंडला, तरी झाकण मिटतं. आपण विसरलो तरी स्प्रिंग विसरत नाही.

२) दाब सोडण्याची सोय : कॅन तापून आतला दाब वाढला, की ५ पीएसआयच्या आतच झाकण किंचित उचलून वाफ सोडतं आणि पुन्हा बसतं. त्यामुळे कॅन फुटत नाही.

३) तोंडातली बारीक जाळी : बाहेर जाळ लागला तर जाळीचा धातू त्यातली उष्णता शोषून घेतो आणि ज्योत आत शिरत नाही. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांच्या दिव्याला जाळी लावली, तेच हे तत्त्व.

भरताना

धातूच्या ड्रममधून ओतताना स्थिर विद्युत तयार होते आणि एक ठिणगी पुरते. म्हणून ड्रम आणि कॅन तारेने जोडायचे, ड्रमला अर्थिंग द्यायचं. कॅन काठोकाठ भरायचा नाही. आत काय आहे ते वर लिहायचं. ठेवायचा तो जिन्यात किंवा दारात नाही.

आणि एवढं करून आग लागलीच, तर पेट्रोलवर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. फोम, ड्राय पावडर किंवा कोरडी वाळू वापरा.

आता खरी गोम. त्या घटनेनंतर मी वर्कशॉपमधला कॅन बघायला गेलो. झाकण तारेने मागे बांधलेलं, जाळी गायब! विचारलं तर उत्तर आलं, "अरे, जाळीमुळे नरसाळं आत जात नाही, आणि लिव्हर दाबून हात दुखतो." म्हणजे लाल रंगाची बाटलीच की ही! पैसे कॉलेजने सेफ्टी कॅनचे मोजले होते.

सरांनी नवी जाळी बसवून दिली आहे. तार मी सोडली आहे. कृपया पुन्हा बांधू नका. आणि खोलीत पेट्रोलची बाटली असेल, तर आजच बाहेर काढा.